स्कूल बोर्डाची नव्वद वर्षे

माझे वडील आयुष्यात एकदाच निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. निवडणूक जिल्हा स्कूल बोर्डाची होती, स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षे झाली होती. जिल्ह्याचे नाव सांगत नाही. ज्यांनी त्यांना पाडले त्यांची नातवंडे पुढे माझ्याच वर्गात बसली आणि त्यांतली दोन-तीन चांगली गुणी निघाली.

आण्णा फायनल पास होते. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा. त्या काळी तेवढ्यावर मास्तर होता येई, तलाठीही होता येई. एक वर्ष ट्रेनिंग कॉलेजात काढून ते 'फर्स्ट इयर ट्रेंड' झाले, काही वर्षे बोर्डाच्या शाळेत शिकवले, बेचाळीसच्या चळवळीत नोकरी सोडली ती पुन्हा धरली नाही. शेती करता करता बोर्डावर जावे असे त्यांच्या मनाने घेतले. स्कूल बोर्डाचे सभासद गावोगावच्या लोकांनी निवडायचे नसत. जिल्हा लोकल बोर्डावर जे निवडून गेलेले असत, ते स्कूल बोर्डाचे सभासद निवडत. मतदार एवढे मूठभर असताना आण्णांनी छापील पत्रक काढले, म्हणून घरात सगळे हसले. पत्रकाची एक प्रत आमच्या ट्रंकेत राहिली आहे. त्यात चार कलमे आहेत. मास्तराला एका गावात निदान तीन वर्षे राहू द्यावे, वर्षाच्या मध्यावर बदली करू नये. शाळा देवळात भरवू नये. तपासणीला येणाऱ्या साहेबाने आगाऊ कळवू नये. आणि पहिलीत नाव घातलेले पोर चौथी पार करीपर्यंत त्याची जबाबदारी बोर्डाने घ्यावी.

पत्रक घेऊन ते लोकल बोर्डाच्या एका वजनदार सभासदाकडे गेले होते. त्याने ते वाचले, घडी घालून खिशात ठेवले आणि म्हणाला, "आण्णा, लिवलंय झ्याक. पर पैलं कलम तेवढं काढा. आमच्या मेव्हन्याची बदली ऱ्हायलीय." आण्णांनी कलम काढले नाही.

या चार कलमांतले एकही आण्णांच्या डोक्यातून नव्याने निघालेले नव्हते, हे मला फार उशिरा, निवृत्तीनंतर जुनी कागदपत्रे आणि अहवाल वाचायला लागल्यावर उमगले. त्यांच्या आधी सत्तर वर्षे तेच मागितले जात होते. आणि प्रत्येक पिढीत ते एकाच खुंटीला अडकत होते: मास्तर कोणाच्या हातात?

मुंबई इलाख्यात शिक्षणाचे पहिले 'बोर्ड' १८४० सालचे. त्याचे सभासद सात, त्यांत तीन एतद्देशीय, आणि त्या तिघांत जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांना शिक्षण इंग्रजीतून हवे होते, नानांनी देशी भाषांची बाजू लावून धरली. तो वाद गाजला. पण हे बोर्ड सरकारने नेमलेले होते. लोकांचा त्याच्याशी संबंध नव्हता, आणि १८५५ मध्ये सरकारी शिक्षणखाते आले तसे ते संपले.

लोकांचा संबंध आला तो पैशाच्या वाटेने. १८६३ पासून शेतसाऱ्याच्या दर रुपयावर एक आणा जादा पट्टी बसली. तिला लोकल फंड म्हणत, आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठेवलेला होता. शेतकरी आणा देई. शाळेत पोरे दुसऱ्यांची शिकत. ही गोष्ट सर्वांत रोखठोक मांडली ती जोतीराव फुल्यांनी. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर कमिशनला त्यांनी जे निवेदन दिले, त्याखाली सहीबरोबर स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी लिहिली. पुणे नगरपालिकेवर ते होते, तेव्हा कारभार कसा चालतो हे त्यांनी आतून पाहिले होते. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करा, लोकल फंडाचा अर्धा पैसा केवळ प्राथमिक शाळांवर खर्च करा, नगरपालिकांना आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळा चालवणे कायद्याने भाग पाडा, मास्तराला बारा रुपयांहून कमी पगार देऊ नका, मास्तर शक्यतो शेतकरी समाजातला असावा, अशा त्यांच्या मागण्या. मुलांनी मोडी आणि बालबोध दोन्ही वाचावे-लिहावे, हिशेब शिकावा, शेतीची आणि आरोग्याची थोडी माहिती असावी, असेही त्यात आहे. मला मात्र त्यातला तपासणीचा परिच्छेद सर्वांत आवडतो. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येतो त्याचा काही उपयोग नाही. तीन महिन्यांनी तरी यावे आणि मधूनच, न कळवता यावे, असे ते सांगतात. गावच्या आणि जिल्ह्याच्या अंमलदारांवर भिस्त ठेवू नका, त्यांना वेळ नसतो आणि त्यांची तपासणी वरवरची असते, हेही बजावतात. आण्णांचे तिसरे कलम हेच. आमच्या लहानपणी खेडोपाडी डेप्युटीला 'दिपोटी' म्हणत. दिपोटी येणार म्हणून आठ दिवस आधी शाळा सारवली जाई आणि हुशार पोरे पुढच्या रांगेत बसवली जात. फुल्यांनी कळवू नका म्हटले त्याला तेव्हा पाऊणशे वर्षे होत आली होती.

सक्तीच्या बाबतीत संस्थाने पुढे गेली. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध राज्याला लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा कायदा केला. इंग्रजी मुलखात गोखल्यांनी १९११ मध्ये विधेयक आणले. सक्ती करायची की नाही हे स्थानिक संस्थेने ठरवायचे, आणि तीही फक्त सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी, इतके ते सावध होते. तरी १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. शेवटी १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबईच्या कायदेमंडळात नगरपालिकांपुरता कायदा करून घेतला.

आणि नगरपालिकेच्या हाती अधिकार आल्याबरोबर काय होते ते पुण्याने १९२० च्या सुमारास दाखवले. सक्ती करायची, पण पैसा थोडा. मग आधी मुलग्यांना की दोघांनाही? टिळक आणि त्यांचे अनुयायी म्हणाले, आधी मुलगे, पैसा होईल तशा मुली. विठ्ठल रामजी शिंदे आणि र. पु. परांजपे यांची मंडळी म्हणाली, सक्ती असेल तर दोघांना. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने बायका मिरवणुकीने रस्त्यावर उतरल्या. सभांत एवढा गोंधळ झाला की टिळकांसारख्या माणसालाही आपल्याच पुण्यात बोलणे कठीण गेले. शाळेचा प्रश्न निवडणुकीचा प्रश्न झाला, उमेदवाराला 'मुलींच्या शाळेबद्दल तुमचे मत काय' असे विचारता येऊ लागले, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. टिळकांचा हिशेब चुकला असे माझे मत आहे. पण हिशेब लोकांसमोर मांडावा लागला, त्यावर भांडण झाले, हे काही थोडे नव्हे. आज एखाद्या गावातली शाळा बंद होते तेव्हा एवढेही होत नाही.

१९१९ च्या सुधारणांनी शिक्षणखाते हिंदी मंत्र्यांकडे आले. मुंबई इलाख्याचे पहिले शिक्षणमंत्री हेच परांजपे, केंब्रिजचे सीनियर रँग्लर, फर्ग्युसनचे प्राचार्य. त्यांच्या कारकिर्दीत १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला. प्राथमिक शाळा सरकारी खात्याकडून काढून जिल्हा लोकल बोर्डांकडे आणि नगरपालिकांकडे द्यायच्या, आणि त्या चालवायला प्रत्येकाने एक स्कूल बोर्ड निवडायचे. आपल्याकडच्या स्कूल बोर्डाचा जन्म हा असा. शाळा लोकांची झाली की लोक ती जपतील, हा त्यामागचा भरवसा. परांजपे बुद्धिवादी, उदारमतवादी गृहस्थ. माणूस शहाणपणाने वागेल असे त्यांना मनापासून वाटत असावे.

काही ठिकाणी लोकांनी जपलीही. ज्यांच्या बापजाद्यांनी आणा भरला पण शाळेची पायरी चढली नाही, असे लोक पहिल्यांदा शाळेच्या कारभाराला बसले. ब्राह्मणेतर चळवळीच्या जिल्ह्यांत रयतेतली पोरे मास्तर होऊ लागली. फुल्यांची एक मागणी अशी चाळीस वर्षांनी, वेड्यावाकड्या रीतीने का होईना, पुरी होऊ लागली. बोर्डांना शिव्या देताना हे विसरू नये. माझे आण्णा त्याच लाटेत मास्तर झाले.

पण मास्तराची नेमणूक आणि बदली बोर्डाच्या हाती आली, आणि तिथे सगळे नासले. निवडणूक आली की मास्तर प्रचाराला लागत. निवडून आलेला आपल्या माणसाला घरच्या गावी आणी आणि विरोधकाच्या भावाला घाटाखाली पाठवी. मास्तर म्हणजे गावातला पत्रे लिहिणारा, अर्ज करणारा, मोजदाद जाणणारा माणूस. असा माणूस हाताशी असला की मते गोळा होतात. त्यामुळे बोर्डाच्या सभेत पुस्तके, फळे, इमारत हे विषय पाच मिनिटांत उरकत आणि बदल्यांवर दिवेलागणीपर्यंत भांडणे चालत. आण्णा सांगत, की त्यांची स्वतःची एकदा अशीच भर पावसाळ्यात बदली झाली, पोरे तिसरीच्या गणितात त्रैराशिकापर्यंत आलेली असताना. नवा मास्तर दिवाळीनंतर हजर झाला. पहिले कलम त्या पावसाळ्यातले.

ही तक्रार फक्त गावगप्पांची नव्हती. सायमन कमिशनच्या जोडीने नेमलेल्या हार्टोग समितीने १९२९ मध्ये हेच म्हटले, की सरकारने प्राथमिक शिक्षणावरची पकड स्थानिक संस्थांच्या हाती जरुरीपेक्षा जास्त सोडून दिली. गळती आणि एकाच इयत्तेत पुन्हापुन्हा बसणे हे दोन रोगही त्याच समितीने ठळकपणे पुढे आणले.

त्याआधी दोन वर्षे, मार्च १९२७ मध्ये, महाडच्या सत्याग्रहाच्याच महिन्यात, डॉ. आंबेडकर मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले होते. सरकारचे आकडे त्यांनी सरकारपुढेच ठेवले. या गतीने सगळे मुलगे शाळेत यायला ४० वर्षे लागतील आणि मुली यायला ३००. शाळेत येणाऱ्या दर शंभर मुलांतली जेमतेम १८ चौथीपर्यंत पोहोचतात. प्राथमिक शाळेत शिरलेले मूल साक्षर होऊन, आणि पुढे साक्षर राहील अशा बेताने बाहेर पडले, तरच त्या शाळेवरचा खर्च सार्थकी लागतो, हा त्यांचा मुद्दा होता. आण्णांचे चौथे कलम याहून वेगळे काय सांगते? आणि प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांच्या हवाली करण्याला बाबासाहेबांचा विरोध होता. तो का, हे समजायला फार लांब जायला नको. १९२३ सालीच, ज्या वर्षी स्कूल बोर्डाचा कायदा झाला त्याच वर्षी, सी. के. बोले यांचा ठराव कायदेमंडळाने मंजूर केला होता: सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेने त्याला मान्यता दिली, आणि तळ्यावर पाणी प्यायला गेलेल्या माणसांना मार बसला. ज्या गावाला पाणी देववत नाही, त्या गावाच्या पुढाऱ्याच्या हाती त्याच माणसांच्या पोरांची शाळा कशी द्यायची?

आमच्या भागात पुष्कळ शाळा देवळात भरत. बोर्डाकडे इमारतीला पैसा नसे, देऊळ फुकट मिळे. देऊळ म्हटल्यावर महारा-मांगांच्या पोरांनी ओट्याच्या खाली, उन्हात बसायचे. १९४७ मध्ये मंदिरप्रवेशाचा कायदा आला, साने गुरुजींच्या उपोषणाने पंढरपूरचा विठोबा खुला झाला, तरी गावोगावच्या म्हसोबा-भैरोबाच्या ओट्यावर कायदा चढायला वेळ लागला. आण्णांच्या दुसऱ्या कलमाने त्यांची सर्वांत जास्त मते गेली असावीत. मेव्हण्याच्या बदलीचे निमित्त सगळ्यांना सांगण्यासारखे होते, हे नव्हते.

१९३८ मध्ये खेर मंत्रिमंडळाने कायदा दुरुस्त केला. बोर्डाचा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर सरकारी नोकर झाला आणि नेमणुका-बदल्यांवरचा बोर्डाचा हात आखडला. त्याच सुमारास बिनशाळेच्या खेड्यांसाठी 'व्हॉलंटरी शाळा' निघाल्या, आणि कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेने सातारा भागात अशा शेकडो शाळा काढल्या. जिथे बोर्ड पोहोचले नव्हते तिथे रयत पोहोचली. १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला, जिल्हा स्कूल बोर्डे नव्याने बांधली गेली. आण्णा उभे राहिले ते या बोर्डासाठी. कागदावर बदली आता साहेबाची होती. पण साहेबालाही त्याच जिल्ह्यात नांदायचे होते.

विदर्भात तेव्हा जनपद सभा होत्या, आणि मराठवाड्यात निजामाच्या राज्यामुळे शाळा थेट सरकारी खात्याच्या. तिकडच्या शिक्षकांना 'बोर्डाची शाळा' हा प्रकार ऐकूनच माहीत. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि ही सगळी तऱ्हा एका छपराखाली आली. आमच्याकडची जिल्हा स्कूल बोर्डे संपली. त्यांच्या जागी जिल्हा परिषदेची शिक्षण समिती आणि तिचा सभापती आला. यात एक गंमत आहे. चारच वर्षांनी, १९६६ मध्ये, कोठारी आयोगाने सबंध देशाला शिफारस केली की प्रत्येक जिल्ह्यात शालेय शिक्षणासाठी स्वतंत्र जिल्हा स्कूल बोर्ड स्थापा. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातले, मुंबई इलाख्यातल्या शिक्षणाचा इतिहास कोळून प्यालेले. आपण जे नुकतेच मोडले तेच आपला माणूस देशाला बांधायला सांगत होता. ती शिफारस तशीच पडून राहिली.

मी मास्तर झालो तो जिल्हा परिषदेचा. मे महिन्यात झेडपीच्या व्हरांड्यात बदलीची चिठ्ठी हातात घेऊन उभे राहणारे आम्ही, आणि आतून-बाहेरून फिरणारे मध्यस्थ. नावे बदलली होती, खुंटी तीच होती. शहरांत मात्र १९४७ च्या कायद्याखालची शिक्षण मंडळे नगरपालिका-महापालिकांत तशीच चालू राहिली. त्यांच्या सभांत बदलीच्या जोडीला गणवेश, दप्तरे आणि बूट यांची खरेदी आली. ज्यांना पालिकेचे तिकीट देता आले नाही, अशांची सोय लावायची जागा म्हणूनही पक्षांनी ती वापरली. शिक्षणहक्क कायदा २०१० मध्ये अमलात आला. त्यानंतर २०१३ मध्ये राज्य सरकारने शिक्षण मंडळे मोडीत काढली. ज्यांची मुदत शिल्लक होती ती आणखी काही काळ राहिली, इतकेच. १९२३ ते २०१३. फार कोणी हळहळले नाही, आणि न हळहळण्याला कारणही होते.

तरी मला वाटते, आपण खोड मोडण्याऐवजी झाड तोडले. २०१८ मध्ये जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकावर गेल्या. त्या पद्धतीतही कुरबुरी पुष्कळ, नवरा एका टोकाला आणि बायको दुसऱ्या टोकाला असले प्रकार झाले. पण पुढाऱ्याच्या वाड्यावर जाणारी वाट बरीच बुजली. फुल्यांना, बाबासाहेबांना आणि हार्टोगला ज्याची धास्ती होती ती गोष्ट आता कुठे पुढाऱ्याच्या हातातून निसटली आहे. म्हणजे जिल्ह्यातल्या लोकांनी निवडलेले, बदलीचा अधिकार नसलेले, फक्त शाळेचा विचार करणारे बोर्ड आता चालण्यासारखे होते. नेमके तेव्हा ते राहिलेले नाही. आज कोणी आण्णांसारखे पत्रक काढायचे म्हटले तर उभे कुठे राहणार?

एक जागा उरली आहे, ती शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षणहक्क कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्याच पाहिजेत असे ठरवले. शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि आलेला पैसा कसा खर्च होतो त्यावर लक्ष ठेवणे हे तिचे काम आहे. म्हणजे १९२० मध्ये पुण्याच्या बायकांनी मिरवणूक काढून ज्या शाळेसाठी तोंड उघडले, तिच्या कारभारात आज बायकांना कायद्याने निम्मी जागा आहे. ओट्याखाली बसलेल्यांच्या नातवंडांच्या आईबापांनाही तिथे जागा आहे. मी मुख्याध्यापक असताना मात्र बहुतेक सभा अशा उरकत: प्रोसिडिंग आधीच लिहून तयार, आई मजुरीवरून घाईने येई, सही करी, चहा घेई आणि जाई. मीही तेवढ्यावर भागवत आलो, कारण वर पाठवायला कागद पुरा होई.

तुमचे मूल, नातू, भाचा जिल्हा परिषदेच्या किंवा पालिकेच्या शाळेत असेल तर समितीच्या सभेचा निरोप येईल. त्या दिवशी अर्धा तास जास्त थांबा. सही करण्याआधी प्रोसिडिंग वाचून दाखवायला सांगा, आणि पहिलीत आलेली किती पोरे चौथीत पोहोचली, न पोहोचलेली कुठे गेली, हे मुख्याध्यापकांना विचारा. हजेरीपटावरून ते त्यांना सांगता येते.